रिकामं बुडकुलं

बोरजाईत कुणाचं भांडं कुणाच्या घरून रिकामं परत जात नसे. आमटीची वाटी आली तर जाताना तिच्यात चिमूटभर साखर तरी पडायची. सुपातून शेंगा आल्या तर सुपात चार मिरच्या तरी जायच्या. गाव कृष्णाकाठचं. ऊस डोक्याच्या वर जायचा तेव्हाही ही रीत होती. पुढे उसाला पाणी पाजून पाजून आणि खतं ओतून ओतून जमिनी पांढऱ्याफटक पडल्या, वर मिठाची साय धरली, कुसळ उगवेना, तेव्हाही ती रीत टिकली. लोकांनी त्या मेल्या जमिनीत लोखंडी खांब रोवून शेड उभ्या केल्या आणि मातीला न शिवता पाण्यावर भाजी पिकवायला सुरुवात केली. त्या शेडमधल्या बायकासुद्धा एकमेकींचे जेवणाचे डबे परत करताना आत लिमलेटची गोळी टाकायच्या.

गावातली सगळी जमीन मेली तरी मालनच्या घरामागचं परडं जिवंत होतं. जागा काय, चार खाटा मावतील एवढी. पण ती माती गावची नव्हतीच. मालनचं माहेर पानेरी, वर सह्याद्रीच्या खोऱ्यात. ती लग्न होऊन कृष्णाकाठी आली आणि दुसऱ्याच वर्षी पानेरीवर धरणाचं पाणी चढायचं ठरलं. तिथली माणसं चौकटी उचकटून नेत होती, कौलं नेत होती, तुळशी नेत होती. मालनने माती नेली. आधी ओटीतून, मग पाटीतून, मग भावाच्या बैलगाडीतून, अख्खा उन्हाळाभर. सासू म्हणाली, "माहेरचं सोनं आणायचं सोडून चिखूल कसला आणतीस गं?" मालनने घरामागे कमरेएवढा दगडी ओटा रचून घेतला, म्हणजे खालचं मीठ वर चढायला नको. त्यावर ती माती पसरली आणि तिच्यात पानेरीचाच घेवडा टोकला. पुढे पंचावन्न वर्षं ती त्या मातीला शेण देत राहिली, पाचोळा देत राहिली, ताकाच्या भांड्याचं धुवण देत राहिली. आणि ओव्या.

माझ्या माहेराची माती, किती सांगू तिची माया
घेवड्याच्या येलानं, दिली उन्हामंदी छाया

गावात कुणी काही पेरायचं म्हटलं, कुंडीतली कोथिंबीर का असेना, तर पहिलं बी मालनच्या हातून पडायचं. "मालनआक्काच्या हाताला गुण हाय," बायका म्हणायच्या. मालन म्हणायची, "माझ्या हातात काय न्हाई बायांनो, सगळं मातीत हाय." असं म्हणताना ती स्वतःच्या हातांकडे बघायची, आणि तिला काय वाटतंय ते तिच्या तोंडावर दिसायचं.

*

जयमाला तिची एकुलती एक लेक. लग्न मोडून माहेरी आली त्याला वीस वर्षं झाली होती. शेतकीची पदविका होती, कामाला वाघ होती. गावच्या सगळ्यांत मोठ्या शेडची ती प्रमुख झाली. दीडशे बायका तिच्या हाताखाली.

शेडमध्ये माती औषधालाही नव्हती. पांढरे पाइप, पाइपांना भोकं, भोकांत रोपं, आणि आतून सारखं झुळझुळणारं पाणी. त्या पाण्यातच झाडांचं जेवण. जेवण दोन टाक्यांत वेगवेगळं कालवलेलं असायचं. एकीत कॅल्शियम नायट्रेट, दुसरीत फॉस्फेट आणि सल्फेट. दोन्ही दाट असतानाच एकत्र आली की पाणी नासल्यासारखं पांढरं होतं आणि तळाला खडूचा गाळ बसतो. जयमाला नव्या बायकांना सांगायची, "या दोघी जावा समजा. लांबून गोड. एका चुलीवर आणल्या की भांडण." बायका हसायच्या आणि टाक्या कधी चुकायच्या नाहीत.

मग एका वर्षी समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई पेटली आणि खताची जहाजं यायची थांबली. कोठारात दोन महिने पुरेल एवढंच खत उरलं. शेण होतं, पेंड होती, मासळीचा चुरा होता. जयमालाने एका टाकीत शेणाची रबडी गाळून सोडली, वर शेंगदाण्याची पेंड. तिसऱ्या दिवशी फेस आला. पाचव्या दिवशी वास. आठव्या दिवशी पाइपांत बुळबुळीत शेवाळ चिकटलं आणि पालकाची मुळं भिजलेल्या सुतळीसारखी तपकिरी झाली.

"जयमाला," शेजारची इंदाक्का नाकाला पदर लावून म्हणाली, "ही शेड हाय का जत्रंतला संडास?"

त्या दुपारी जयमाला जेवायला घरी आली ती ताटावर नुसती बसून राहिली.

"सगळं आहे गं त्यात," ती म्हणाली. "नत्र आहे, स्फुरद आहे, पालाश आहे. गोणीत असतं तेच शेणात आहे. झाडाला मग का चालत नाही?"

मालन भाकरी थापत होती. "तुझ्या ताटात भाकरीच्या जागी जोंधळं वाढलं तर खाशील व्हय?"

"म्हणजे?"

"म्हंजी काय! भाकरीत जोंधळंच हाय की. पर कुणीतरी दळाया नको?"

जयमालाच्या हातातला घास हातात राहिला. पदविकेला तिने हेच वाचलं होतं, फक्त कुणी असं सांगितलं नव्हतं. मूळ फार नाजूक तोंडाचं असतं. त्याला शेण खाता येत नाही, पेंड खाता येत नाही. त्याला लागतं पाण्यात विरघळलेलं पीठ, नायट्रेटसारखं. ते पीठ कारखान्यातून गोणीत भरून आलं काय किंवा शेणातून निघालं काय, मुळाला दोन्हीत फरक कळत नाही. फरक आहे तो दळणाऱ्यांचा. रासायनिक खत दळून आलेलं असतं. शेण म्हणजे अख्खे दाणे. मातीत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू बसलेले असतात. एक जात शेणातल्या प्रथिनांचा अमोनिया करते, दुसरी अमोनियाचं नायट्राइट, तिसरी नायट्राइटचं नायट्रेट. माती म्हणजे दिवसरात्र चालणारं जातं. शेडमध्ये पाणी होतं, दाणे होते. जातं नव्हतं.

मालन हात धुऊन परड्यात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात मुठीएवढं बुडकुलं होतं. काळ्या मातीचं, काठाचा टवका उडालेलं. तिच्या आईचं, पानेरीहून आलेलं. आत परड्यातली माती, वर ताकाचा घोट आणि गुळाचा खडा.

"हे घे. ईरजण."

"दुधाला लावायचं का?"

"तुझ्या त्या टाकीला लाव. आन् सगळं वतू नको. मागं थोडं ठिव. ईरजण संपवणारीच्या घरी दही लागत न्हाई दुसऱ्या दिशी."

*

अठरा दिवस काही झालं नाही. इंदाक्का रोज येऊन वास घ्यायची आणि मान हलवायची. एकोणिसाव्या दिवशी फेस बसला. टाकीवर वाकल्यावर एक वेगळाच वास आला, परड्यात पाणी मारल्यावर येतो तसा. जयमालाने तपासायची पट्टी पाण्यात बुडवली आणि पट्टीचं टोक हळूहळू गुलाबी झालं. नायट्रेट. शेणातून, पाण्यात, मातीवाचून.

बातमी पुण्याला गेली. तिथल्या एका प्रयोगशाळेतून डॉ. वैदेही रास्ते आल्या. तरुण, घाईत असलेल्या, पण मनाने चांगल्या. त्यांनी परड्यातल्या मातीचे नमुने नेले. सहा महिन्यांनी परत आल्या आणि घरापुढच्या ओट्यावर मालनसमोर मांडी घालून बसल्या.

"आई, तुमच्या चमचाभर मातीत हजारो जाती निघाल्या. त्यांतल्या बहुतेक प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. पण दळणाऱ्या तीन आम्हाला सापडल्या. त्या वेगळ्या काढल्या, पिढ्यान्पिढ्या निवडून वेगवान केल्या. तुमच्या मातीला एकोणीस दिवस लागले ना? या तिघी तीन दिवसांत दळतात."

"आन् बाकीच्या?" मालनने विचारलं.

"बाकीच्या काय करतात ते आम्हाला नीट माहीत नाही. पण त्यांच्यावाचून काम भागतंय."

"म्हंजी घरात बसून खाणाऱ्या म्हाताऱ्या," मालन म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. रास्तेही हसल्या.

त्या तिघींचं नाव पडलं विरजणच. पुढच्या वर्षभरात ते सीलबंद पिशव्यांतून राज्यातल्या शेडमध्ये गेलं. खताच्या जहाजांची वाट बघायचं लोकांनी सोडून दिलं.

एका सकाळी जयमालाला शेडच्या कपाटात ते बुडकुलं दिसलं. वर्ष होऊन गेलं होतं, आईला परत द्यायचं राहिलं होतं. शेडचा नियम होता, आतून बाहेर जाणारं प्रत्येक भांडं उकळत्या पाण्याने आणि स्पिरिटने धुवायचं. तिने ते धुतलं, घासलं, पुसलं. मग हातात धरून क्षणभर थांबली. रिकामं कसं द्यायचं? साखर घालावी तर आईला साखरेचा त्रास. तिने आजूबाजूला पाहिलं. नवी टाकी भरून ठेवली होती. मधासारखं सोनेरी पाणी, त्या तिघींचं. आईच्या मातीतूनच निघालेलं, आईचंच. याहून चांगलं काय देणार?

तिने बुडकुलं काठोकाठ भरलं.

"किती घासलंस गं!" मालनने बुडकुलं नाकाशी नेलं. "जल्माचा वास गेला की त्याचा." मग आत बघितलं आणि तिचा चेहरा फुलला. "काय घातलंस?"

"तुझ्याच लेकी आहेत. शिकून मोठ्या झाल्यात. परड्यात सोड त्यांना, माहेरपणाला."

मालनने ते पाणी मेथीच्या वाफ्यात, घेवड्याच्या बुंध्याला, सगळ्या परड्यात बोटाने शिंपडलं. शिंपडता शिंपडता तिच्या ओठांवर ओवी आली.

रिकामं बुडकुलं, नको धाडू गं माघारी
चार तरी दाणं, ठेव त्याच्या गं उदरी

*

त्या वर्षी परड्याने चमत्कार दाखवला. मेथी गुडघ्याला लागली. घेवडा मांडव सोडून कौलांवर चढला. बायका बघायला यायच्या आणि मालनचे हात हातात घ्यायच्या.

दुसऱ्या वर्षी मेथी उंच झाली, पण चव पाण्यासारखी. तिसऱ्या वर्षी पानं पिवळी. पाणी घातलं की माती चिखल व्हायची आणि वाळली की विटेसारखी कडक. पूर्वी मुठीत धरली की ती भाकरीच्या चुऱ्यासारखी मोकळी व्हायची. आता बोटांतून राखेसारखी निसटायची. मालनने शेण घातलं, पाचोळा घातला. आठवड्यात सगळं नाहीसं व्हायचं, आणि माती होती तशीच, फिकट. गांडुळं दिसेनाशी झाली. चौथ्या वर्षी घेवडा उगवून चार पानांवर मेला.

"वय झालं आई," जयमाला शेडला जाताना चप्पल घालत म्हणाली. तिचा फोन वाजत होता, कुठल्या तरी तालुक्यात नवी शेड उघडायची होती. "मातीलाही दमायला होत असेल. सोड आता ते परडं. भाजी मी शेडमधून आणते की."

मालन शेणाची पाटी उचलून परड्यात गेली.

काही दिवसांनी इंदाक्का दारात उभी राहिली. "चला आक्का, नवी लाईन चालू करायची हाय. पयलं बी टाका."

"दुसऱ्या कुणाला तरी न्ये."

"आँ? असं कसं? रुसलाय व्हय कुणावर?"

"रुसायला काय झालंय. माझ्या हातचा गुण गेला, इंदे. माझ्या हातनं माझी माहेरची माती मेली. तुमच्या पोटावर कशाला टाकू हात?"

इंदाक्काने थट्टा केली, हाताला धरून ओढलं, शेवटी डोळे पुसत निघून गेली. त्या दिवसापासून मालनने हात पदराखाली घ्यायला सुरुवात केली. जेवताना आणि कामापुरते बाहेर काढायची, पुन्हा पदराखाली. जणू दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्याकडे राहिली आहे आणि ती कुणाला दिसू नये. ओव्याही थांबल्या. जयमालाला वाटलं, म्हातारपण असंच येत असेल.

*

मग तिघी मेल्या.

आधी एका जिल्ह्यातल्या टाक्यांत फेस आला, मग सगळीकडे. बोरजाईची शेड अकराव्या दिवशी नासली. डॉ. रास्तेंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"विषाणू आहे, ताई. जिवाणूंनाच खाणारा. दह्याच्या कारखान्यांना हा त्रास जुना आहे. एकच एक विरजण सगळीकडे वापरलं की एक विषाणू पुरतो. नैसर्गिक मातीत एक जात पडली तर काम उचलायला दुसऱ्या चार असतात. आपल्याकडे तिघींखेरीज कुणी नव्हतंच."

"मग मूळ मातीतून पुन्हा काढा."

 मग रास्ते म्हणाल्या, "नमुने एक वर्ष ठेवायचा नियम होता."

"सगळे टाकले?"

"सगळे."

"मागे थोडंसुद्धा ठेवलं नाही?"

"नाही." मग त्या म्हणाल्या, "पण आईंचं परडं आहे ना?"

जयमालाने परड्याच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून माती काढून पाठवली. पाठवताना तिला माहीत होतं की माती आजारी आहे. पण आजारी माणसाच्या अंगातही रक्त असतं, असं तिने स्वतःला समजावलं.

निकाल आला तेव्हा मालन ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. जयमालाने पायरीवर बसून तो एकदा वाचला, मग पुन्हा वाचला. मातीत जवळजवळ फक्त त्या तिघी होत्या. बाकीच्या हजारो नव्हत्या. आणि त्या तिघींना पुन्हा टाकीत आणलं तर तोच विषाणू त्यांना खाणार होता.

रास्तेंनी खाली सविस्तर लिहिलं होतं. तिघींना आम्ही फक्त वेग शिकवला होता. टाकीत ते ठीक होतं, तिथे रोज नवे दाणे मिळत. मातीत त्यांनी नवं शेण संपवलं आणि मग जुनं साठवणीचं खायला घेतलं, ते काळं, वर्षानुवर्षं मुरलेलं, ज्यामुळे माती माती असते. सगळं दळलं, आणि दळलेलं नायट्रेट प्रत्येक पाण्याबरोबर खाली वाहून गेलं. बाकीच्या जाती काय करत होत्या ते आता कळतंय. कुणी मातीचे कण एकमेकांना चिकटवून धरत होत्या, कुणी दळणाऱ्यांना आवर घालत होत्या, कुणी उद्यासाठी मागे ठेवत होत्या. त्या उपाशी मेल्या. हे विरजण तिथे कसं पोहोचलं ते मात्र समजत नाही. ते उघड्या मातीत सोडू नये असं प्रत्येक पिशवीवर छापलेलं असतं.

जयमालाला समजत होतं. तिने पिशवीतून दिलं नव्हतं. बुडकुल्यातून दिलं होतं.

"काय म्हंती पुण्याची डॉक्टरीण?" मालनने तांदळातला खडा बाजूला टाकत विचारलं.

"नाही म्हणते. चालणार नाही."

"व्हय." तिने ताट बाजूला सारलं आणि हात पदराखाली घेतले. "मला ठावं हुतं. हातच मेलं माझं."

जयमालाचं तोंड उघडलं. सांगायला एवढंच होतं, 'तुझे हात नाहीत, आई, मी.' पण त्यापुढचं वाक्य ती म्हणू शकली नाही. पंचावन्न वर्षांची माती, ओटीतून आणलेली. आईने ती तिला जपून दिली, आणि तिने त्याच भांड्यातून मरण भरून परत पाठवलं. ते मरण आईने गात गात शिंपडलं. हे ऐकून ती कशी जगेल? आणि न ऐकता कशी जगतेय ते तर डोळ्यांसमोर दिसत होतं.

तिने तोंड मिटलं.

*

त्या उन्हाळ्यात धरण तळाला गेलं. पानेरीच्या देवळाच्या पायऱ्या दिसायला लागल्याची बातमी आली.

"मला न्ये," मालन म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज वर चढला होता. "तिथं माती असंल. ईरजण आणू आपण. तुझी शेड वाचंल. दीडशे बाया हायेत गं."

"आई, पंचावन्न वर्षं पाण्याखाली..."

"पाण्याखाली हाय म्हून काय, माझी आई हाय ती."

निघताना तिने कपाटातून बुडकुलं काढलं. उतरंडीच्या तळाशी राखेत जपून ठेवलेला घेवडा काढला, शेवटचा, वीसेक दाणे, आणि बुडकुल्यात ओतला. "माहेराला रिकामं कसं जायाचं?"

जयमालाने मान फिरवली आणि गाडी चालू केली.

धरणाचा तळ भेगाळलेला होता, राखाडी, दूरपर्यंत. देवळाच्या पायऱ्यांवर शिंपल्यांचे थर होते. मालन काठी टेकत चालत होती आणि काहीही न दिसणाऱ्या जागांना नावं देत होती. इथं तात्याचं खळं. इथं फणस. हे आमचं जोतं. जोत्याच्या मागे ती थांबली, खाली बसली. पदराखालचे हात बाहेर काढले. बोटांनी वरची खपली उचकटली, खालची ओली माती काढली. ती निळसर काळी होती, लोण्यासारखी मऊ, आणि तिला गटाराचा वास होता. इतकी वर्षं हवा न मिळालेल्या मातीत जे जगतं ते वेगळं असतं. जयमालाला ते माहीत होतं, बोलायची हिंमत होत नव्हती.

मालनने मातीचा कण जिभेवर ठेवला.

बराच वेळ तिने तोंड हलवलं नाही. मग थुंकली, पदराने ओठ पुसले.

"ही आपली न्हवं," ती म्हणाली.

दोघी जोत्यावर बसल्या. पाण्याच्या उरलेल्या डबक्यात दोन बगळे उभे होते.

"संपलं म्हंजी," मालन म्हणाली. "हितली पाण्यानं न्हेली. तिथली माझ्या हातांनी." आणि हात पुन्हा पदराखाली जायला निघाले.

जयमालाने ते मनगटाशी धरले.

"तुझ्या हातांना काही झालेलं नाही, आई. मी मारली ती."

"काय बोलतीस?"

"बुडकुलं परत दिलं होतं ना मी. भरून. ते सोनेरी पाणी. त्याने मारली. रास्तेबाईंनी लिहून पाठवलंय, सगळं खाल्लं त्यांनी. तू पेरलंस म्हणून नाही, तू म्हातारी झालीस म्हणून नाही. मी दिलं म्हणून. दोन महिने झाले मला कळून. तुला सांगितलं नाही."

मालनने हात सोडवून घेतले. उन्हात समोर धरले. तळवे बघितले, उलटे करून नखं बघितली, बोटांची पेरं एकेक चाचपली, परगावाहून आलेल्या माणसाला चाचपावं तशी. तिच्या गालावरून पाणी ओघळलं, ते तिने पुसलं नाही.

"म्हंजी," ती सावकाश म्हणाली, "रिकामं दिलं असतंस तर..."

"वाचली असती."

बगळे उडाले. मालनने त्यांच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. लेक गुडघ्यांत तोंड घालून रडत होती, लहानपणी पाटी फुटली तेव्हा रडली होती तशी. मालनने तिच्या पाठीवर हात ठेवला. दोन्ही ठेवले.

"रिकामं द्यायला मी तुला कवा शिकवलंच न्हाई की गं."

ती ओवी म्हणायला लागली. रिकामं बुडकुलं, नको धाडू गं... एवढ्यावर थांबली. पुढचा चरण तिला आठवत होता, पण तिने म्हटला नाही.

मग तिने बुडकुल्यातले घेवड्याचे दाणे तळहातावर घेतले आणि जोत्याच्या कडेने, भेगांत, एकेक करून टोकले. उगवणार नाहीत हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी प्रत्येक दाण्यावर तिने माती ओढली, बोटाने दाबली.

निघायची वेळ झाली तेव्हा जयमाला सवयीने वाकली. मूठभर राखाडी माती उचलली आणि बुडकुल्याकडे हात नेला. मालनने बुडकुल्याच्या तोंडावर तळवा ठेवला.

"ऱ्हाऊ दे."

"रिकामंच?"

"व्हय. ऱ्हाऊ दे."

जयमालाने मूठ उघडली. गाडीत मालन खिडकीशी बसली, बुडकुलं मांडीवर, तळवा त्याच्या तोंडावर. घाट उतरला, उसाचे जुने पांढरे माळ आले, बंद शेड आल्या. बोरजाई येईपर्यंत तिने तो हात काढला नाही.